लाल डिझेल निघालेली गाडी एमओटीला नेण्यापूर्वी

ब्रिटनमध्ये एखादी जुनी डिझेल गाडी विकत घ्यावी, वार्षिक पासिंगची, म्हणजे इथल्या एमओटी चाचणीची तारीख तोंडावर यावी आणि चाचणीपूर्वीच्या सर्व्हिसिंगसाठी इंधनाचा फिल्टर उघडताच त्यातून लालसर डिझेल बाहेर यावे, असा प्रसंग खेड्यापाड्यांच्या आसपास राहणाऱ्यांवर कधी ना कधी येऊ शकतो. माझ्यावर तो आला. पूर्व इंग्लंडच्या शेतीप्रधान भागात बदलीनिमित्त राहायला आल्यावर मी बारा वर्षांची एक इस्टेट गाडी घेतली होती, आणि तिच्या आधीच्या मालकाच्या अंगणात ट्रॅक्टर उभा होता, ही गोष्ट मला पुढे फार उशिरा आठवली. फिल्टर उघडणारा मेकॅनिक अगदी निर्धास्तपणे म्हणाला की एमओटीत इंधनाचा रंग कोणी पाहत नाही, गाडी पास होईल. त्याचे बोलणे अक्षरशः खरे होते, आणि तरीही त्या सल्ल्यावर गाडी रस्त्यावर काढली असती तर मी कायदा मोडला असता. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतात आणि अशा गाडीचे क्रमाने काय करावे, हे सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

हे डिझेल मुळात काय आहे

ज्याला इथे लाल डिझेल म्हणतात, ते शेतीच्या यंत्रांसाठी कमी उत्पादन शुल्क आकारून विकलेले गॅस ऑइल असते. तेलाचा घट्टपणा मोजण्याच्या जुन्या मापावरून जुने लोक त्याला ‘३५ सेकंद’ तेल म्हणतात, आणि घर तापवण्याच्या रॉकेलला ‘२८ सेकंद’. मार्च २०२२ मध्ये झालेल्या कपातीनंतर रस्त्यावरच्या डिझेलवरील शुल्क लिटरला ५२.९५ पेन्स आणि लाल डिझेलवरील १०.१८ पेन्स असे ठरले. म्हणजे लिटरमागे सुमारे ४३ पेन्सचा फरक, आणि साठ लिटरच्या टाकीमागे पंचवीस पौंडांहून थोडा जास्त. विक्रीकराचा फरक त्याहून वेगळा. मोह कशाचा होतो आणि सरकारला राग कशाचा येतो, हे या एका आकड्यावरून कळते.

१ एप्रिल २०२२ पासून बांधकामासह बहुतेक व्यवसायांची ही सवलत काढून घेतली गेली. शेती, वनीकरण, फलोत्पादन, मत्स्यशेती, रेल्वे अशा मोजक्या कामांसाठीच ती उरली. शेतीच्या कामासाठी रस्त्यावरून जाणारा ट्रॅक्टर लाल डिझेलवर चालू शकतो. त्याच शेतकऱ्याची मोटारगाडी मात्र चालू शकत नाही. सवलत माणसाला नसून यंत्राला आणि कामाला आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे बरेच घोळ टळतात. ‘मी शेतकऱ्याकडून घेतले’ किंवा ‘मला शेतावरच जायचे होते’ या सबबींना त्यामुळे अर्थ उरत नाही.

मराठी वाचकाला ही कल्पना नवी वाटण्याचे कारण नाही. रेशनवरचे घासलेट निळे का असे, हे आपल्यातल्या अनेकांनी लहानपणीच पाहिले आहे. स्वस्त इंधनाला रंग द्यायचा, म्हणजे ते महाग इंधनात मिसळले की उघडे पडते, हाच तो विचार. भेसळीच्या धंद्यात किती पैसा आणि किती क्रौर्य असते, हे मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ रोजी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळले तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने पाहिले. आपल्याकडे मच्छीमारांना मात्र वेगळ्या रीतीने सवलत दिली जाते: यांत्रिक नौकांनी डिझेल पूर्ण दराने घ्यायचे आणि विक्रीकराचा परतावा नंतर मिळवायचा. परतावा वेळेवर मिळत नाही अशी तक्रार कोळीवाड्यांत नेहमी ऐकू येते, पण त्या पद्धतीत निदान कोणाच्या टाकीत रंग शोधावा लागत नाही. ब्रिटनने रंगाची वाट धरली, म्हणून इथे रंगाचे नियम पाळावे लागतात.

एमओटी काय पाहते आणि काय पाहत नाही

एमओटी ही गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी सुरक्षित आहे का आणि ती ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडते का, याची चाचणी आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये गाडीला तीन वर्षे झाली की ती सुरू होते आणि मग दरवर्षी करावी लागते. उत्तर आयर्लंडमध्ये चार वर्षांनी. ग्रेट ब्रिटनमध्ये चाचणी घेणारी गॅरेजे बहुतांशी खाजगी असून त्यांना डीव्हीएसए ही संस्था परवाना देते. इंधनावरील शुल्क हा मात्र महसूल खात्याचा, म्हणजे एचएमआरसीचा विषय आहे. दोन्ही खाती वेगळी, दोन्ही कायदे वेगळे. चाचणी घेणाऱ्याच्या यादीत ‘इंधनाचा रंग’ असा रकानाच नाही, त्यामुळे लाल डिझेल आहे म्हणून गाडी नापास होत नाही.

नेमका इथेच लोकांचा गैरसमज होतो. एमओटीचे प्रमाणपत्र हातात आले म्हणजे गाडी सर्व बाजूंनी निर्दोष ठरली, असे समजले जाते. वास्तविक लाल डिझेलचा गुन्हा चाचणीच्या खोलीत घडत नाही. ते इंधन मोटारगाडीच्या टाकीत घालणे आणि त्यावर ती चालवणे यात तो घडतो. गॅरेजपर्यंतचे दोन मैलही त्यात आले. आणखी एक बारकावा आहे. जुने प्रमाणपत्र संपले असले तरी आधी वेळ ठरवलेल्या एमओटीला गाडी चालवत नेण्याची मुभा कायदा देतो, अर्थात विमा चालू असेल आणि गाडी धोकादायक नसेल तर. ही मुभा केवळ प्रमाणपत्रापुरती आहे. टाकीतल्या इंधनाला ती लागू होत नाही, आणि ‘मी चाचणीलाच चाललो होतो’ हे उत्तर इंधन तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे कामाचे नाही.

एचएमआरसीची इंधन तपासणारी पथके रस्त्याच्या कडेला, बाजाराच्या मैदानांवर, कधी पोलीस आणि डीव्हीएसए यांच्याबरोबर एकत्र उभी असतात. टाकीत नळी घालून ते नमुना घेतात. दोष आढळला तर दंड होतो, बुडालेले शुल्क भरावे लागते आणि गाडीही जप्त होऊ शकते. जप्तीला हरकत घ्यायची असेल तर त्यासाठी एक महिन्याची मुदत असते. गाडी परत द्यावी अशी विनंती हा त्याहून वेगळा अर्ज असतो. ही मुदत चुकली तर पुढे फारसे काही करता येत नाही, म्हणून नोटीस मिळाल्याच्या दिवशीच तारीख लिहून ठेवावी आणि वकिलाला विचारावे.

खरोखर लाल डिझेलच आहे का

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. फिल्टरमध्ये लाल रंग दिसला म्हणून लगेच घाबरून जाऊ नये आणि लगेच निर्णयही करू नये. बरेच मेकॅनिक इंजेक्टर साफ व्हावेत म्हणून नव्या फिल्टरमध्ये स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल भरतात, आणि ते तेल लालभडक असते. बाटलीतून मिळणारी काही इंधन-पूरके रंगीत असतात. म्हणून सर्वांत आधी गाडीची अलीकडची सर्व्हिसिंगची पावती पाहावी आणि ज्याने फिल्टर बदलला त्याला विचारावे.

त्यानंतर नमुना घ्यावा. बहुतेक गाड्यांच्या फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी काढण्यासाठी एक छोटा स्क्रू असतो. गाडी थंड असताना, हातमोजे घालून, तो थोडा सैल करून पाव लिटरभर डिझेल स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत घ्यावे. मी जॅमची रिकामी बरणी वापरली. दुसऱ्या तशाच बरणीत पंपावरून नवे आणलेले डिझेल घेतले आणि दोन्ही बरण्या खिडकीत, मागे पांढरा कागद उभा करून, तासभर ठेवल्या. रस्त्यावरचे डिझेल फिकट मधासारखे किंवा गवती चहासारखे पिवळसर दिसते. माझ्या गाडीतले डिझेल मात्र पाणी जास्त झालेल्या कोकम सरबतासारखे होते: खालच्या बाजूला गुलाबी छटा, कडेला पिवळेपणा. म्हणजे शुद्ध लाल डिझेल नव्हते, लाल डिझेलवर कोणी तरी नंतर साधे डिझेल भरले होते. गिअरबॉक्सच्या तेलाचा अंश असता तर तो फिल्टरपुरता राहिला असता. म्हणून मी मेकॅनिककडून टाकीतलाही थोडा नमुना काढून घेतला, आणि तोही तसाच निघाला. टाकी आणि फिल्टर दोन्हीकडे एकच रंग असेल, तर संशयाला फारशी जागा उरत नाही.

रंग फिका आहे किंवा दिसतच नाही, यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. डोळ्यांना दिसणारा लाल रंग हा या व्यवस्थेचा केवळ बाहेरचा भाग आहे. त्याशिवाय युरोपात सॉल्व्हंट यलो १२४ हा निशाणी-पदार्थ लिटरला ६ ते ९ मिलिग्रॅम इतक्या अल्प प्रमाणात मिसळला जात असे; तो स्वतः पिवळा असल्यामुळे डिझेलमध्ये वेगळा दिसत नाही, पण आम्लाशी संपर्क आला की लाल होऊन उघडा पडतो. ब्रिटन आणि आयर्लंड यांनी एप्रिल २०१५ मध्ये मिळून आणखी एक निशाणी वापरात आणली, कारण सरहद्दीवर आम्ल आणि शोषक माती वापरून डिझेल ‘धुण्याचे’ छुपे कारखाने चालत असत आणि त्यातला विषारी चिखल गावोगावच्या रस्त्यांच्या कडेला टाकला जात असे. नव्या निशाणीला रंग नाही. ती उपकरणानेच सापडते आणि डिझेल धुतले तरी सहज जात नाही. तात्पर्य इतकेच की घरच्या बरणीत जे दिसते त्याने संशय पक्का होऊ शकतो, पण संशय फिटत नाही. खात्री हवी असेल तर इंधन तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडे नमुना पाठवावा.

काढून टाकण्याची रीत

लाल डिझेल आहे हे कळल्यावर पहिली गोष्ट म्हणजे गाडी सुरू करू नये. ‘पुढच्या दोन-तीन टाक्या साध्या डिझेलच्या भरल्या की आपोआप निघून जाईल’ हा सल्ला मला तीन वेगवेगळ्या माणसांनी दिला, त्यातले दोघे आपलेच. तो सल्ला दोन कारणांनी चुकीचा आहे. इतक्या सूक्ष्म निशाण्या पातळ झाल्या तरी सापडतात. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या दोन-तीन टाक्या संपेपर्यंत आपण आता जाणूनबुजून ते इंधन जाळत असतो. कळण्यापूर्वीची चूक आणि कळल्यानंतरची चूक यांत कायदाही फरक करतो.

एमओटीची तारीख अगदी जवळ आली असेल तर ती पुढे ढकलावी. त्यात काही बिघडत नाही. मुदत संपण्यापूर्वी एक महिना वजा एक दिवस इतक्या आधीही चाचणी करून घेता येते आणि पुढच्या वर्षाची तारीख तीच राहते, म्हणून यापुढे निदान तीन आठवडे हातात ठेवूनच वेळ घ्यावी. काम लांबणार असेल आणि गाडी अंगणात किंवा खाजगी जागेतच उभी राहणार असेल, तर ती रस्त्याबाहेर असल्याची नोंद, ज्याला इथे ‘सॉर्न’ म्हणतात, करून टाकावी. गाडी सार्वजनिक रस्त्याच्या कडेला उभी असेल तर ही नोंद चालत नाही. तेव्हा ती उचलून नेणाऱ्या वाहनावरून हलवावी, चालवत नव्हे.

टाकी रिकामी करण्याचे काम स्वतः करण्याचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे नळी तोंडात धरून ओढण्याची जी सवय सर्रास दिसते, ती तर कोणत्याही परिस्थितीत नको. डिझेल फुप्फुसात गेले तर न्यूमोनियासारखा गंभीर आजार होतो. शिवाय आजच्या गाड्यांच्या टाकीच्या तोंडात नळी आत जाऊ नये म्हणून जाळी असते. पेट्रोल-डिझेलची अदलाबदल झालेल्या गाड्या रिकाम्या करून देणाऱ्या फिरत्या सेवा ब्रिटनभर आहेत. त्यांना आधीच स्पष्ट सांगावे की टाकीत लाल डिझेल आहे. लपवण्यासारखे त्यात काही नाही आणि सांगितल्याने आपलाच फायदा होतो, कारण मग ते टाकी, जाणारी नळी, परत येणारी नळी आणि फिल्टरचे घर असे चारही भाग रिकामे करतात. परत येणारी नळी लोक विसरतात. डिझेल इंजिन जेवढे इंधन घेते त्यातला बराच भाग न जाळता टाकीकडे परत पाठवते, आणि त्या नळीत लाल डिझेल तसेच उरते.

कितीही उपसले तरी तळाशी थोडे राहतेच. म्हणून थोडे साधे डिझेल घालून ते पुन्हा उपसून घ्यावे, नवा फिल्टर बसवावा, त्यातली हवा काढावी आणि मगच टाकी भरावी. जुना फिल्टर गॅरेजवाल्याकडेच विल्हेवाटीला द्यावा. उपसलेले डिझेल गटारात, मातीत किंवा कचऱ्याच्या पेटीत जाता कामा नये. नेणारी व्यक्ती नोंदणीकृत कचरावाहक आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. हे डिझेल शेजारच्या शेतकऱ्याला देऊन टाकावे असे मलाही सुचले होते, पण ते साध्या डिझेलशी मिसळलेले होते आणि त्याच्या यंत्राच्या टाकीत संशयास्पद मिश्रण गेल्यावर उत्तर त्याला द्यावे लागले असते.

या सगळ्यात कागद हा अर्धा उपाय आहे. टाकी रिकामी करणाऱ्याच्या पावतीवर गाडीचा क्रमांक, तारीख, मैलांचा आकडा, किती लिटर काढले आणि ते कशाचे होते, हे सर्व लिहून घ्यावे. ‘इंधन काढले’ एवढीच मोघम नोंद असलेली पावती परत करून नीट लिहून मागावी. नव्या डिझेलची पहिली पावती तिला जोडावी. बरण्यांचे छायाचित्र, गाडी घेतल्याचा करार, विक्रेत्याबरोबरचे संदेश, हे एका जागी ठेवावे.

आणि एचएमआरसीला स्वतःहून कळवावे. या पायरीवर लोक सर्वांत जास्त अडखळतात. आपल्या मनात सरकारी खात्याची जी भीती असते ती इथेही बरोबर येते, आणि ‘आपणच जाऊन सांगायचे म्हणजे आ बैल मुझे मार’ असे वाटते. पण निशाणीचा अंश धुतल्यानंतरही सापडू शकतो हे ज्याला कळले, त्याला हेही कळेल की पुढे सहा महिन्यांनी रस्त्यावर नमुना घेतला गेला तर आपल्याजवळ आधीच पाठवलेल्या पत्राची प्रत असणे आणि नसणे यांत किती अंतर आहे. पत्र छोटे असावे: गाडी केव्हा घेतली, इंधन केव्हा व कसे लक्षात आले, त्यानंतर गाडी चालवली नाही, टाकी अमुक तारखेला रिकामी केली, पावत्या सोबत आहेत. विक्रेत्यावर आरोप करण्याची गरज नाही. त्याचे नाव विचारले तर खरे सांगावे. आपण स्वतः, कळून-सवरून, काही काळ ते इंधन वापरले असेल तर मात्र पत्र लिहिण्यापूर्वी वकिलाचा किंवा करसल्लागाराचा सल्ला घ्यावा, आणि सल्ल्यानंतर जे लिहायचे ते पूर्ण खरे लिहावे.

आता चाचणीची तयारी

इथे एक गोष्ट न्याय म्हणून सांगायला हवी. लाल डिझेलने इंजिन खलास होते, लाल रंगाचा धूर निघतो, गाडी हमखास नापास होते, असे जे सांगितले जाते त्यात फारसे तथ्य नाही. २०११ पासून शेतीयंत्रांसाठीच्या गॅस ऑइलमध्येही गंधकाची मर्यादा दहा लाखांत दहा भाग, म्हणजे रस्त्यावरच्या डिझेलएवढीच आहे. रंगाचे प्रमाण इतके अल्प असते की धुरावर त्याचा काही परिणाम होत नाही. फरक आहे तो इतरत्र. रस्त्यावरच्या डिझेलचा सिटेन अंक, म्हणजे ते किती चटकन पेट घेते याचे माप, किमान ५१ असावे लागते. शेतीच्या डिझेलला ४५ पुरतो. म्हणून थंडीत इंजिन जरा खडखडते, पांढरट धूर जास्त येतो. थंडीत गोठण्याविरुद्धची शक्तीही त्यात थोडी कमी असते. खरा धोका घर तापवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या गॅस ऑइलचा आहे. तेही लालच असते, पण त्यात गंधक दहा लाखांत हजार भागांपर्यंत असू शकतो, आणि ते इंधन काजळी अडवणाऱ्या फिल्टरचे, म्हणजे डीपीएफचे, आणि उत्प्रेरकाचे नुकसान करते. टाकीत यांतले नेमके कोणते होते हे नुसते पाहून सांगता येत नाही. म्हणून चाचणीपूर्वी डीपीएफची अवस्था तपासून घ्यावी.

धुराची चाचणी अशी होते: इंजिन चांगले तापलेले असताना सायलेन्सरमध्ये मापकाची नळी घालतात, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात आणि धूर प्रकाश किती अडवतो ते मोजतात, गरज पडली तर हे पुन्हा पुन्हा करून सरासरी घेतात. १ जुलै २००८ पूर्वीच्या टर्बो नसलेल्या गाड्यांना २.५, टर्बो असलेल्यांना ३.०, त्यानंतरच्या गाड्यांना १.५ आणि २०१४ पासूनच्या युरो ६ गाड्यांना ०.७ प्रति मीटर अशी साधारण मर्यादा आहे. पण गाडीवर निर्मात्याने स्वतःचा आकडा छापलेला असेल तर तो धरला जातो. मे २०१८ पासून आणखी कडक नियम आला: डीपीएफ असलेल्या गाडीतून डोळ्यांना दिसेल असा कोणत्याही रंगाचा धूर निघाला, किंवा डीपीएफ काढून टाकलेला अथवा त्याच्याशी खेळलेले आढळले, तर गाडी नापास.

नवे डिझेल भरल्यावर लगेच चाचणीला जाऊ नये. टाकी आणि नळ्या धुऊन, फिल्टर बदलून आणि कागदपत्रे तयार ठेवून, जुने प्रमाणपत्र अजून चालू असेल तर गाडी मोठ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास सलग, जरा चढ्या वेगात चालवावी, म्हणजे डीपीएफमध्ये साचलेली काजळी जळून जाते. प्रमाणपत्र संपले असेल तर असा फेरफटका कायद्यात बसत नाही; मग गॅरेजवाल्याकडूनच ते काम करून घ्यावे आणि शक्य तर चाचणीचे ठिकाण थोडे लांबचे निवडावे, म्हणजे इंजिन वाटेतच तापते. इंजिन ऑइल कमी असेल किंवा टाकीत पुरेसे इंधन नसेल तर चाचणी घेणारा गाडी परत पाठवू शकतो. टाकी रिकामी करून घेतलेला माणूस नेमका पाच लिटर घालून निघतो, म्हणून हे आवर्जून सांगतो. मोटारगाडीच्या चाचणीची कमाल फी ५४.८५ पौंड आहे. नापास झाली आणि गाडी तिथेच दुरुस्तीला ठेवली, तर दहा कामाच्या दिवसांत होणाऱ्या अंशतः फेरचाचणीची वेगळी फी पडत नाही.

माझी गाडी पास झाली. धुराचा आकडा मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी आला. मेकॅनिक म्हणाला, ‘मी म्हटलेच होते.’ मी काही बोललो नाही.

घेण्यापूर्वीच पाहावे

पुढची गाडी घेताना मी गाडीचा क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकून तिचा जुना एमओटी इतिहास आधी वाचला. तो फुकट पाहता येतो. कोणत्या वर्षी धुरासाठी नापास झाली, मैल किती वाढले, कोणती सूचना दिली होती, सगळे दिसते. लाल डिझेलचा उल्लेख त्यात कधीच नसणार, हे उघड आहे. त्यासाठी विक्रेत्यासमोरच फिल्टर पाहू द्या असे म्हणावे. बहुतेक प्रामाणिक माणसे हरकत घेत नाहीत. करारावर ‘गाडीत केवळ रस्त्यासाठीचे डिझेल वापरले आहे’ ही एक ओळ लिहून घ्यावी. आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिथे शेतीचे डिझेल लाल नसून हिरवे असते. चाचणी एनसीटी या नावाने होते, गाडीला चार वर्षे झाल्यावर सुरू होते, पुढे दोन वर्षांनी आणि दहा वर्षांनंतर दरवर्षी येते. रंग आणि खाते बदलले तरी बाकीचा हिशेब तोच.

नमुन्याच्या बरण्या मात्र लगेच फेकू नयेत. झाकण घट्ट लावून, तारीख व गाडीचा क्रमांक लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा फळीवर ठेवाव्यात, आणि पत्रव्यवहार पुरता संपला की नगरपालिकेच्या पुनर्वापर केंद्राला विचारून तिथे द्याव्यात. माझ्या झाकणावर ‘डिझेल’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे, कारण भारतातून आलेल्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ती बरणी उचलून विचारले होते की कोकमाचे सरबत फ्रिजबाहेर का ठेवले आहे.